खारं पाणी, गोड गोळी

क्षारांच्या बाबतीत बुलढाणा जिल्ह्याचा हात कुणी धरू नये. लोणारचं अख्खं सरोवरच खारट. तिथल्या क्षारांचा काच आणि साबणासाठी होणारा उपयोग थेट ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदवलेला आहे. घाटाखाली उतरलं की पूर्णेचा खारपाणपट्टा. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या विहिरींचं पाणी असं, की डाळ शिजता शिजत नाही आणि हंड्याला आतून पांढरा थर धरतो.

एवढे क्षार पिढ्यान्‌पिढ्या फुकट पोटात जात असताना इथले गुडघे खरं तर ठणठणीत हवेत. पण संधिवातानं वाकलेल्या आजी आणि सायटिकानं पाय ओढणारे काका दुकानात रांग लावतात, कशासाठी? तर बायोकेमिक क्षारांसाठी! बारा क्षारांची ही पद्धत शूस्लर या जर्मन डॉक्टरची, १८७० च्या दशकातली. शिरेच्या कळांना ‘मॅग फॉस’. ‘नॅट्रम मूर’ म्हणजे आपलं खायचं मीठच. बाटलीवर ‘६एक्स’ लिहिलेलं असतं, म्हणजे दहा लाख भागांत औषधाचा एक भाग. उरलेली दुधातली साखर. घागरभर मीठ रोज पिणाऱ्याला कणाचाही कण विकत देणं, याला धंद्याचं डोकं लागतं.

कोमट पाण्यात मीठ टाकून पाय जरूर बुडवा, उबेनं बरं वाटतं. पण सांधे सुजत असतील, सकाळी तासभर आखडत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या.