दहा कड्यांचा ताळेबंद

पस्तीस वर्षे पतसंस्था आणि दूध संघांची दप्तरे तपासण्यात गेली. माणूस निवृत्त होतो, नजर होत नाही. दिवाळीच्या सुटीत नातवाने मार्व्हलचे चित्रपट लावून दिले. तो आकाशात उडणारा लोखंडी चिलखतवाला पाहत होता आणि मी जमिनीवरची ‘टेन रिंग्ज’ नावाची संस्था पाहत होतो. नातू तिला गुंडांची टोळी म्हणतो. पण हजार वर्षांची परंपरा, झेंड्यावर बोधचिन्ह, देशोदेशी कर्मचारी, आणि 2008 ते 2021 अशी 13 वर्षे अध्यक्षांचे दर्शन नाही? आमच्या खात्यात याला संस्थाच म्हणतात. सवयीने शेरे लिहून काढले, ते असे.

शेरा 1. कामाचे दर. 2008 सालच्या ‘आयर्न मॅन’मध्ये ही मंडळी शस्त्रांचा कारखानदार टोनी स्टार्क याला अफगाणिस्तानात पळवून गुहेत डांबतात. गुहेतला साठा तपासला, तर माल सगळा स्टार्कच्याच कंपनीचा. ‘हे लोक कोण?’ असे स्टार्क विचारतो, तेव्हा सोबतचा कैदी यिन्सेन शांतपणे सांगतो की ही तुमचीच नेहमीची गिऱ्हाइके. पुढे कळते की सुपारी स्टार्कचाच भागीदार ओबडाया स्टेन याने दिलेली. त्यावर संस्थेने व्हिडिओतून लेखी नसलेली तक्रार केली: उडवायचा माणूस एवढा मोठा आहे हे आधी सांगितले नव्हते, आता दर वाढवून द्या. काम सुरू झाल्यावर वाढीव अंदाजपत्रक टाकण्याची ही पद्धत पाहून मला आमच्या तालुक्यातले सगळे रस्ते एकदम आठवले.

शेरा 2. देखरेख. स्टार्ककडून क्षेपणास्त्र बनवून घ्यायचे म्हणून त्याला सामान दिले, हत्यारे दिली, भट्टी दिली. मुदत संपेपर्यंत त्याने चिलखत बनवले आणि गुहेला आग लावून तो निघून गेला. कॅमेरे होते, ते पाहायला माणूसही होता. क्षेपणास्त्र आणि पायजमा यांतला फरक ओळखणारा तेवढा कोणी नव्हता. मोजमाप पुस्तिका कोरी. पुढे स्टेन स्वतः आला, टोळीच्या म्होरक्याला यंत्राने लुळा केला आणि बाकीच्यांना संपवले. ठेकेदाराचे अंतिम देयक असे निकाली निघालेले मी प्रथमच पाहिले.

शेरा 3. अनुत्पादक खर्च. 2010 मध्ये इव्हान व्हँको नावाच्या रशियन इसमाला मोनॅकोला जायची खोटी कागदपत्रे पुरवली. तो तिथे मोटारींच्या शर्यतीत विजेचे चाबूक फिरवून पकडला गेला. 2015 च्या ‘अँट-मॅन’मध्ये संस्थेचा माणूस डॅरन क्रॉस नावाच्या कंपनीप्रमुखाकडे नवे हत्यार खरेदी करायला गेला. खरेदी झालीच नाही. प्रवासभत्ता कोणाच्या मंजुरीने, याचा खुलासा मागवावा.

शेरा 4. बोगस अध्यक्ष. हा सर्वांत गंभीर. 2013 च्या ‘आयर्न मॅन 3’मध्ये ऑल्ड्रिच किलियन या उद्योगपतीच्या प्रयोगात माजी सैनिक बॉम्बसारखे फुटू लागतात. कंपनीची चूक झाकायला कोणीतरी दहशतवादी हवा. म्हणून त्याने टेन रिंग्जचे बोधचिन्ह उचलले, ‘मँडरिन’ हे पद निर्माण केले आणि त्यावर ट्रेव्हर स्लॅटरी हा पडेल, व्यसनी नट नेमला. मराठी माणसाला तोतया नवा नाही. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, पण त्याने निदान फौज जमवून किल्ले घेतले. या तोतयाला सिंहासनही सेटवरचे आणि धमक्याही दुसऱ्याने लिहून दिलेल्या. तरी अमेरिका थरथर कापली. हे काम केले बेन किंग्जली यांनी. 1982 च्या ‘गांधी’मध्ये ज्यांच्यासमोर आपल्या रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या होत्या, तेच हे. महात्मा असो की मँडरिन, वेशभूषा आणि कॅमेरा नीट लागला की लोक विश्वास ठेवतात, एवढीच नोंद करतो.

शेरा 5. खरे अध्यक्ष. ते 2021 च्या ‘शांग-ची’मध्ये हजर झाले: वेनवू, भूमिका टोनी ल्युंग. 1964 च्या मूळ कॉमिकमधला मँडरिन दहाही बोटांत अंगठ्या घालत असे. आपल्याकडे असा माणूस दिसला तर कोणी घाबरत नाही, फार तर कोणत्या पक्षात आहे ते विचारतात. चित्रपटाने शहाणपणाने अंगठ्यांची कडी केली, दोन्ही हातांत पाच पाच. या कड्यांमुळे वेनवू हजार वर्षे जगला, राज्ये उलथवली. पण त्याचे दुःख वेगळेच: आपले नाव ठाऊक नसलेल्या एका कंपनीवाल्याने आपल्या पदाला खाण्याच्या पदार्थाचे नाव दिले, आणि तेच खपले.

शेरा 6. वारस. मुलाला सातव्या वर्षापासून मारामारी शिकवली, तर तो पळून सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलात पाहुण्यांच्या गाड्या लावू लागला. मुलगी शिआलिंग, म्हणून तिला शिकवलेच नाही. ती लपून बघत शिकली आणि मकाऊत स्वतःचा धंदा काढून बसली. वडिलांच्या पश्चात संस्था अवसायनात काढते, असे तिने भावाला सांगितले आणि थेट खुर्चीत जाऊन बसली. महिलांना प्रवेश दिला, भिंती रंगवल्या. अवसायनाचे आश्वासन आणि खुर्चीचा ताबा एकाच दमात, यावर मी शेरा मारत नाही. आमच्या जिल्ह्यात हे रूढ आहे.

नातवाने शेवटी विचारले, “आजोबा, मग मेन व्हिलन कोण?” मी वही उलटून दाखवली. सुपारी दिली ती शस्त्रांच्या कंपनीच्या भागीदाराने. नाव वापरले ते औषधे-तंत्रज्ञानवाल्या उद्योगपतीने. हत्यार विकायला काढले तेही कंपनीच्या प्रमुखानेच. दाढ्या, बंदुका आणि झेंडा यांची जबाबदारी गुहेकडे, वातानुकूलन आणि नफा केबिनकडे. गुहेवर बॉम्ब पडतात. केबिनमध्ये पुढच्या भागात नवा माणूस येतो.

लेखापरीक्षण वर्ग : ड. संस्था दोषी आहेच, तिला सोडू नये. मात्र या अहवालाची एक प्रत संबंधित कंपन्यांच्या संचालक मंडळांना माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी रवाना. पोच अद्याप आलेली नाही.