चाकांवरचा वन-बीएचके

कॅरॅव्हॅन म्हणजे पलंग, ओटा, फ्रिज, शौचकूप आणि टीव्ही यांना चाके लावून केलेली गाडी. भारतात ती बहुधा फोर्स ट्रॅव्हलरसारख्या मिनीबसच्या सांगाड्यावर बांधतात. तिच्यासाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि तिची नोंदणी ‘मोटर कॅरॅव्हॅन’ म्हणून होते. घरच्या जुन्या गाडीत सुताराकडून पलंग ठोकून घेणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही. त्यामुळे हौशी माणूस ती भाड्यानेच आणतो.

ही हौस बंगळुरूच्या महादेवपुरा भागात विशेष बळावलेली दिसते. आउटर रिंग रोडवरच्या काचेच्या इमारतींत वर्ष काढलेल्या माणसाला निसर्गाची ओढ लागते. अट एवढीच, की निसर्गात गार पाणी, वायफाय आणि स्वतःचे कमोड असावे.

सहलीसाठी तळे हवे. खरे तर महादेवपुऱ्याला तळ्यांची वाण नाही. पण शेजारच्या बेळ्ळंदूर तळ्याला फेब्रुवारी २०१७ मध्ये आग लागली आणि जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा लागली. त्या खेपेला पाण्यावरची आग विझवायला लष्कराचे जवान आणावे लागले. वर्तूर तळ्याचा पांढरा फेस रस्त्यावर येऊन दुचाकीस्वारांना भेटत असे. सप्टेंबर २०२२ च्या पावसात तर तळी स्वतःच सोसायट्यांच्या तळघरांत मुक्कामाला आली आणि संगणक अभियंते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून कामावर गेले. या अनुभवामुळे येथील नागरिकाच्या तळ्याकडून अपेक्षा माफक असतात. ते पेटू नये, त्याला फेस येऊ नये आणि ते आपल्या जागी राहावे.

मराठी कुटुंब असल्यास या कसोट्यांवर हमखास भंडारदरा उतरते. अकोले तालुक्यातले, प्रवरेवर १९१० साली बांधायला घेऊन १९२६ मध्ये पुरे झालेले विल्सन धरण, मागे रतनगड, बाजूला १६४६ मीटरचे कळसूबाई आणि शेंडी गावातून जलाशयाला वळसा घालणारा चिंचोळा रस्ता. महादेवपुऱ्याहून हे सारे उत्तरेला सुमारे हजार किलोमीटर पडते. मुलांना ‘आपल्याकडचे’ काही दाखवायचे, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. मुले त्या वेळी आपसात इंग्रजी आणि कन्नड बोलत असतात.

नियोजनाचा पहिला टप्पा म्हणजे ग्रुप. दुसरा टप्पा शीट. शीटमध्ये मुक्काम, डिझेल, टोल, औषधे, कांदे, कुणाची रजा केव्हा, कुणाचा ऑन-कॉल केव्हा असे रकाने असतात आणि सर्वांत शेवटी एक ‘प्लॅन बी’ असतो. तो नेहमी गोवा असतो. मे महिन्यात शीट सुरू होते ते काजव्यांसाठी, कारण पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर काजवे लखलखतात. परंतु सर्वांच्या रजा जुळेपर्यंत डिसेंबर उजाडतो. अमेरिकेतला क्लायंट नाताळात दुकान बंद करतो आणि तेवढ्याच मुदतीत महादेवपुऱ्याला निसर्ग परवडतो. काजव्यांचा रकाना मग ‘शेकोटी’ असा दुरुस्त करतात. काजव्यांच्या दृष्टीने हे उत्तमच झाले. गाडीच्या प्रखर दिव्यांत त्यांना जोडीदाराची खूण दिसत नाही.

आता गाडी. ती सोसायटीच्या फाटकाशी येते तेव्हा कळते की तळघराच्या तोंडाशी २.१ मीटरची पट्टी टांगलेली आहे आणि गाडी अडीच मीटरच्या वर उंच आहे. ती रस्त्यावर उभी राहते. सुरक्षारक्षक ती हलवायला सांगतो, सेक्रेटरी परिपत्रक काढतो, आणि इमारतीतली सर्व मुले आत चढून फ्लश दाबून पाहतात. सहलीचा सर्वांत आनंदी भाग बहुधा हाच.

पाण्याचे प्रकरण मात्र नीट समजून घेण्याजोगे आहे. कॅरॅव्हॅनच्या टाकीत साधारण शंभर लिटर मावतात. महादेवपुऱ्यात पाणी म्हणजे टँकर. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटल्या तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजार रुपये दंड ठरला होता. त्या पाण्याची किंमत येथे लहान मूलही जाणते. म्हणून टाकी काठोकाठ भरून घेतात, वर बिसलेरीचे कॅन रचतात, आणि हे विकतचे पाणी हजार किलोमीटर वाहून अकरा टीएमसीच्या धरणाशेजारी नेऊन ठेवतात.

टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या यादीत जगातल्या सर्वांत मंद शहरांत बंगळुरू तिसरे आणि पुणे चौथे होते. नेमक्या याच दोन शहरांना जोडणारा मार्ग सहलीसाठी निवडलेला असतो. के. आर. पुरम, हेब्बाळ आणि नेलमंगला ओलांडेपर्यंत सकाळचे पोहे संपतात. पुढचा चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव हा रस्ता चांगला, त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. कोगनोळी नाक्यापाशी सीमा आली की घरातले मोठे ‘आला आपला महाराष्ट्र’ म्हणतात आणि कोल्हापुरात सर्व जण कॅरॅव्हॅनचा ओटा, गॅस, मिक्सर जसाच्या तसा सोडून हॉटेलात मिसळ खातात. ओट्यावर पूर्ण प्रवासात फक्त चहा होतो, तोही गाडी उभी असताना.

नारायणगाव सोडून संगमनेर, अकोल्याकडे वळले की डिसेंबरात गाळप हंगाम रंगात आलेला असतो. रस्त्याने ऊसतोडीच्या टोळ्यांच्या बैलगाड्या चाललेल्या असतात. चूल, पत्रे, कोंबड्या, लेकरे, अंथरुणे असा संसार एका गाडीत घालून ही माणसे दिवाळीच्या सुमाराला घर सोडतात आणि कारखाना बंद होईपर्यंत उसाच्या रानाजवळ कोपी घालून राहतात. चाकांवरचे घर म्हणून महाराष्ट्रात याहून जुना आणि मोठा अनुभव कुणाकडे नसेल. पण शौचकूप नसल्याने वर दिलेल्या व्याख्येत ते बसत नाहीत, आणि राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले ते त्यांच्यासाठी नव्हे. कॅरॅव्हॅनमधली मुले खिडकीतून त्यांचे फोटो काढतात. फोटोखाली ‘व्हॅन लाइफ’ लिहितात, बैलांच्या नव्हे, स्वतःच्या.

शेंडीला पोहोचल्यावर कॅरॅव्हॅन दुपारभर चर्चेचा विषय होते. एखादे आजोबा आत डोकावून सगळे नीट पाहतात आणि विचारतात, “आत तर घरच हाये की. मग घरीच का नाय ऱ्हायले?” याला शीटमध्ये उत्तर नसते. काठाचा रस्ता गाडीला अरुंद पडतो, तेव्हा ती गावाच्या अलीकडे, पाणी दिसणार नाही अशा सपाट जागी लावावी लागते. पाहायचे झाल्यास तळ्याकडे चालत जातात.

राहिली मैलाटाकी. अमेरिकेत ती रिकामी करायला ठिकठिकाणी बांधीव जागा असतात. आपल्या हमरस्त्यांवर तशी जागा शोधून सापडत नाही. महादेवपुऱ्यात सेप्टिक टाकी उपसायला ‘हनी सकर’ येतो, भंडारदऱ्यात तो कुठून आणणार? म्हणून पहिल्या रात्रीच कुटुंबप्रमुख आतले कमोड वापरू नये असा हुकूम काढतो. ज्या एका वस्तूसाठी एवढे भाडे मोजले, तिला कुलूप लागते. कमोड वापरून नंतर टाकी गुपचूप ओढ्यात रिती करणारे लोक निसर्गप्रेमी नव्हेत. त्यांना बेळ्ळंदूरलाच परत पाठवावे.

दुसऱ्या रात्री ड्रायव्हर सोडून सगळे काठावरच्या तंबूत जातात. तिथे चुलीवरची भाकरी, पिठले, ठेचा मिळतो आणि पाय लांब करता येतात. गाडीत ड्रायव्हर एकटा एसी लावून झोपतो. संपूर्ण सहलीत कॅरॅव्हॅनचा खरा उपभोग त्यालाच मिळतो.

तेव्हा ज्यांची शीट अजून भरायची आहे त्यांनी पहिल्या रकान्यात तंबूवाल्याचा फोन नंबर लिहावा आणि त्याला आधी कळवावे. ३१ डिसेंबरला भंडारदऱ्यात ऐनवेळी जागा मिळत नाही.