सहा रेघांचे दप्तर

सरकारी दप्तरात पस्तीस वर्षे खर्ची घातल्यावर मनुष्याने नामस्मरणाकडे वळावे असा जो शिष्टसंकेत आहे, तो मोडून मी गिटारीकडे वळलो, हा माझा पहिला प्रमाद. आणि पाच रेघांवर बसलेली स्वरांची टिंबे काही केल्या वाचता येईनात, म्हणून भाच्याने संगणकावर बसवून दिलेल्या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरला ‘टॅब दाखव’ असा हुकूम सोडला, हा दुसरा.

टॅब म्हणजे सहा तारांच्या सहा रेघा आणि त्यांवर कोणत्या पडद्यावर बोट दाबायचे त्याचे आकडे. शून्य म्हणजे मोकळी तार. स्वरलिपी स्वराचे नाव सांगते, टॅब त्याचा पत्ता सांगते, आणि दप्तरी माणसाला नावापेक्षा पत्त्याची मातब्बरी अधिक. परंतु पहिली तार मोकळी छेडल्यास जो स्वर निघतो, तोच दुसरीच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या पडद्यावरही बिऱ्हाड करून असतो. यांतला पत्ता निवडताना त्या यंत्राने माझ्या बोटांची लांबी जमेस धरली नव्हती. एके ठिकाणी तर लागोपाठच्या दोन स्वरांसाठी मला पहिल्या पडद्यावरून थेट बाराव्यावर रुजू व्हायचे होते. इतक्या तातडीची बदली मी उभ्या नोकरीत पाहिली नाही.

तरीही महिनाभर मी नेमाने वाजवले. मग भाचा आला, क्षणभर ऐकत राहिला आणि म्हणाला, “मामा, तुम्ही वरची रेघ जाड तारेला लावताय!”

मांडीवर गिटार घेतली की जाड तार डोळ्यांना सर्वांत जवळ, म्हणून मी तिला वरची रेघ बहाल केली होती; टॅबमध्ये तो मान बारीक तारेचा. मी निमूटपणे शरण गेलो नाही. पुराव्यांचा शोध घेता असे आढळले, की 1507 साली व्हेनिसला पेत्रुच्चीने छापलेल्या स्पिनाचिनोच्या ल्यूटच्या पुस्तकात जाड तारेचीच रेघ वर आहे. म्हणजे माझी चूक निदान चारशे नव्हे, पाचशे वर्षांची खानदानी होती. त्याहून नवल म्हणजे, सॉफ्टवेअरच्या एका कोपऱ्यात रेघांचा क्रम उलटा करण्याची चौकटही सापडली. तिच्यावर खूण करताच सारे आकडे मुकाट्याने माझ्या बाजूला आले.

आता मी बिनचूक वाजवतो. स्वयंपाकघरातून मात्र पोळ्या लाटताना अजून ती जुनी, उलटी सुरावटच गुणगुणल्याचे ऐकू येते. एकदा दप्तरी दाखल झालेली नोंद सहजासहजी खोडता येत नाही, हे माझ्याइतके कोणास ठाऊक?