मिसिंगमीमांसा

फोर-स्ट्रोक, म्हणजे चार धावांच्या, इंजिनात शोषण, दाब, स्फोट आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कामे क्रँकच्या दोन फेऱ्यांत उरकली जातात; म्हणून एका सिलिंडरची मोटारसायकल मिनिटाला 3000 फेऱ्यांवर चालत असेल, तर तिच्यात सेकंदाला 25 स्फोट व्हावे लागतात. या पंचविसांपैकी एखादा चुकला, म्हणजे ठिणगी पडलीच नाही किंवा पडूनही पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटले नाही, की जी अवस्था उद्भवते तिला पुस्तकात ‘मिसफायर’, गॅरेजात ‘मिसिंग’ आणि मागच्या सीटवर ‘ही गाडी आचके का देते आहे?’ असे म्हणतात.

निदानाचा आरंभ इंजिनापासून करण्याची घाई नवशिका करतो. जाणता मनुष्य आधी मालकाची तपासणी करतो, कारण इंजिन खोटे बोलत नाही. मालकाची साक्ष ठरीव शब्दांत असते आणि तिचा अर्थ लावण्यासाठी भाष्याची गरज पडते. ‘काहीच केलेले नाही, आपोआप सुरू झाले’ याचा अर्थ, रविवारी गाडी प्रेशरच्या पाण्याने धुतली आणि ते पाणी प्लगच्या टोपीत शिरले. ‘ॲव्हरेजसाठी थोडे सेटिंग केले’ याचा अर्थ, मोबाइलवरचा व्हिडिओ पाहत कार्बोरेटरचा एअर स्क्रू फिरवला आणि मूळ जागा कुठे होती हे व्हिडिओ संपेपर्यंत विसरले. ‘फिल्टर साफ आहे’ म्हणजे तो काढून त्यावर फुंकर मारली. ‘पेट्रोल आहे’ म्हणजे गाडी तीन दिवस रिझर्व्हवर आहे आणि टाकीच्या तळाचा गाळ आता कार्बोरेटरच्या वाटेला लागला आहे. या सर्व साक्षीत एकच विधान मालक न विचारता आणि छाती फुगवून करतो: ‘इंजिन अजून खोललेले नाही.’ हे विधान 1994 साली बाजारात आलेल्या आणि 97.2 सीसीच्या बळावर निम्मा महाराष्ट्र ओढणाऱ्या स्प्लेंडरच्या मालकाकडून हमखास ऐकू येते, आणि त्यामागचा अभिमान ‘आमच्या आजोबांनी उभ्या जन्मात डॉक्टर पाहिला नाही’ या जातीचा असतो.

साक्ष झाल्यावर विचारायचा प्रश्न ‘काय होते?’ हा नसून ‘कधी होते?’ हा आहे. गाडी उभी असताना, म्हणजे स्लोमध्ये, चुकत असेल तर कार्बोरेटरचा पायलट जेट, अर्थात कमी वेगाला पेट्रोल पुरवणारे केसाएवढे छिद्र, तुंबले असण्याचा संभव मोठा. किंवा टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापुढची फट, इतकी आवळली गेली असते की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. वेगात चुकत असेल तर मेन जेट आणि एअर फिल्टर पाहावा. खंबाटकीच्या चढावर डबलसीट जाताना चुकत असेल तर ठिणगी दुबळी समजावी, कारण सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगीला फट ओलांडणे जड जाते. इंजिन तापल्यावरच चुकत असेल आणि थंड झाल्यावर ‘मी नाही त्यातली’ असा चेहरा करत असेल, तर इग्निशन कॉइलवर संशय घ्यावा. आणि ढिली चेन आचके देत असताना कार्बोरेटर खोलू नये. हा शेवटचा नियम किती जणांनी मोडला असेल, त्याची मोजदाद न केलेलीच बरी.

टाकीच्या झाकणाचे प्रकरण मात्र विस्ताराने सांगणे भाग आहे. पेट्रोल खाली उतरते तेव्हा त्याची जागा घ्यायला टाकीत हवा शिरावी लागते, आणि त्यासाठी झाकणात एक बारीक वाट ठेवलेली असते. धूळ आणि गंज यांनी ती बुजली की टाकीत पोकळी तयार होते, पेट्रोलची धार आटते, आणि गाडी दहा-पंधरा मिनिटे उत्तम धावून मग चुकू लागते व बंद पडते. रस्त्याच्या कडेला उभे राहून मालक नशिबाला दोष देतो, त्या अवधीत हवा हळूहळू आत झिरपते आणि गाडी पुन्हा सुरू होते. या लक्षणावर प्लग, कॉइल आणि पेट्रोलची नळी बदलली जाते, पंपावरील भेसळीविषयी मते बनतात, इथेनॉलच्या सरकारी धोरणाचा समाचार घेतला जातो. वास्तविक गाडी चुकू लागताच झाकण उघडावे. ‘फुस्स’ असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी सुरळीत चालली, की रोग सापडला. औषध म्हणून एक टाचणी पुरते.

प्लगविषयी मतभेद संभवत नाही, कारण रस्त्यात बंद पडलेल्या गाडीभोवती जमणारा प्रत्येक मनुष्य ‘प्लग गेला’ एवढे सांगूनच पुढे जातो. तरी प्लग काढून पाहावाच, कारण तो इंजिनाची जीभ आहे. टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर प्रकृती ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओला, तेलकट काळेपणा असेल तर रिंग अथवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल वर येत आहे, आणि ‘इंजिन खोललेले नाही’ या अभिमानाची मुदत संपत आली आहे. टोक पांढरेफटक असेल तर मिश्रण पातळ. अशा वेळी कार्बोरेटर आणि इंजिन यांमधल्या रबराला चीर गेली आहे का ते बघावे. प्लग टोपीत बसवून त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवून किक मारली असता निळी, कडक ठिणगी दिसली पाहिजे. मात्र हा प्रयोग प्लगच्या उघड्या भोकाजवळ करू नये, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते आणि स्फोट सिलिंडरच्या आत होणेच इष्ट आहे. पल्सरमध्ये 2003 पासून दोन प्लगची रचना आली. तिथे एक प्लग मेला तरी दुसरा त्याचे काम ओढत राहतो, आणि मालक महिनोन्‌महिने ‘हल्ली पिकअप कमी झाला’ एवढेच म्हणत हिंडतो.

हँडल डावीकडे वळवताच गाडी चुकत असेल, तर हँडलच्या मानेपाशी वर्षानुवर्षे वाकून तुटत आलेली वायर शोधावी. पावसाळ्यात आधी प्लगची टोपी कोरडी करावी, मग बोलावे.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियमांमुळे बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, आणि दोष दाखवणारा पिवळा दिवा मीटरमध्ये लागू लागला. निदान सोपे झाले हे खरे. पण ‘कचरा आलाय’ हे वाक्य उच्चारण्याची सोय त्यामुळे नाहीशी झाली, हे नुकसान कुणी मोजलेले दिसत नाही.

या शास्त्राचा खरा अधिकारी मेस्त्री होय. तो लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतो, क्षणभर डोळे मिटतो, आणि मालकाचे भाषण चालू असतानाच दुसऱ्याच गाडीचा नट सोडू लागतो. त्याला कळले आहे हे मालकाला संध्याकाळी कळते. त्याने चक्कर मारायला नेलेली गाडी मात्र एकदाही चुकत नाही. विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासमोरही ती अशीच पंचवीसपैकी पंचवीस गुण घेते, आणि मग इतकी चांगली चालणारी गाडी विकायची कशाला, असा विचार मालकाच्या मनात येऊन व्यवहार फिसकटतो.

उपचाराचा नियम एवढाच, की एका वेळी एकच वस्तू बदलावी आणि गाडी चालवून पाहावी. मालक प्लग, टोपी, फिल्टर आणि कॉइल एकाच दिवशी बदलतो. गाडी बरी होते, आणि दोषी कोण हे कायमचे अज्ञात राहते. काढलेले चारही भाग ‘तसे चालू आहेत’ म्हणून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, लॉफ्टवर ठेवले जातात. पुढच्या पावसाळ्यात गाडी पुन्हा चुकू लागते, तेव्हा डबा खाली उतरतो, आणि त्यातला जुना प्लग पॉलिश पेपरने घासून नव्याच्या जागी बसवला जातो.