नवव्या मात्रेला डीएम

लखनौच्या आमच्या मराठी मंडळाने यंदा गणपतीत फ्यूजन करायचं ठरवलं. फ्यूजन म्हणजे बायका नेहमीसारखी यमनातली बंदिश गाणार, तबलजी नेहमीचा तीनताल वाजवणार आणि बाजूला एक पोरगा जीन्स घालून कीबोर्डपाशी उभा राहणार. पोरगा अलीगंजचा, मोठा अदबशीर. म्हणाला, ‘‘अंकल, बस कॉर्ड लिखवा दीजिएगा.’’ मी निवृत्त आणि घरात कॉम्प्युटर. काम कोणाकडे येणार ते ठरलेलंच.

कॉर्ड म्हणजे तीन-चार स्वर एकदम. ‘पहले आप’च्या गावात तीन स्वरांनी एकाच दारातून धक्काबुक्की करत शिरावं, हे मला मुळातच पटलं नव्हतं. पण ठराव पास झाला होता.

स्वरलेखनाचं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. स्वर निवडून कंट्रोल आणि के दाबलं की त्याच्या डोक्यावर रिकामी चौकट उघडते. तीत कॉर्डचं नाव लिहायचं, स्पेसबार दाबून पुढे सरकायचं. मी धैवतासाठी डी लिहिला, वाजला ऋषभ. गांधारासाठी जी लिहिला, हजर झाला पंचम. कारण पांढरी एकला सा धरला की साहेबाच्या हिशेबात सा म्हणजे सी, रे म्हणजे डी, प म्हणजे जी. आमच्या रोमन सरगमचा डी वेगळा आणि त्यांचा वेगळा. कोण कुठे बदलून गेलं याची यादी करून मी भिंतीवर चिकटवली.

मग माझा हात कुठेतरी लागला, सेटिंग जर्मन झालं आणि सगळ्या बींचे एच झाले. जर्मन लोक शुद्ध निषादाला एच म्हणतात आणि बी कोमल निषादासाठी राखून ठेवतात. सेक्रेटरींनी कागद पाहून विचारलं, ‘‘एच म्हणजे हार्मोनियम का? तिचं मानधन धरलेलं नाही हं आपण.’’

खरी गंमत त्यांच्या पुढच्या प्रश्नाने झाली. ‘‘नवव्या मात्रेला डीएम येणार आहेत?’’

उत्तर प्रदेशात ही दोन अक्षरं ऐकली की माणूस बसल्या जागी सरळ होतो. मी सांगितलं की हा जिल्हाधिकारी नव्हे, हा डी मायनर. सेक्रेटरींनी मान डोलावली आणि पहिल्या रांगेत सोफा ठेवायला सांगितला.

हिने मात्र कागद पाहून कपाळाला हात लावला. ही संगीत विशारद. ‘‘यमनात शुद्ध मध्यम कुठून आणलात?’’ ती बरोबर होती. नुसता डी लिहिला तर रे, तीव्र म, ध. त्याला लहान एम चिकटला की मधला स्वर अर्धी पायरी उतरतो: रे, शुद्ध म, ध. मी तीव्र मध्यमाची आठवण म्हणून मोठा एम लिहायला गेलो होतो आणि शिफ्ट दाबायची राहिली होती. मोठा एम लिहिला असता तरी निभावलं असतं. कॉर्डवाल्यांकडे मोठा एम म्हणजे मेजर, लहान म्हणजे मायनर. सरगमवाल्यांकडे मोठा एम म्हणजे तीव्र मध्यम, लहान म्हणजे शुद्ध. जन्मभर एकमेकांचं तोंड न पाहणारी ही दोन घराणी डी या एका कॉर्डपुरती एकमताने बोलतात आणि नेमकी तिथेच माझी करंगळी कमी पडली.

हिने कपाटातून भातखंड्यांचं क्रमिक पुस्तक काढलं. आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर नाही, सगळी एका मापाची. विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे, शिक्षणाने वकील. त्यांनी कोमल स्वराखाली आडवी रेघ मारली, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी. खर्जाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. एवढ्या सामग्रीवर सहा भाग भरून बंदिशी लिहिल्या. 1926 साली लखनौत मॅरिस कॉलेज उघडलं तेही त्यांच्याच खटपटीतून. आज कैसरबागेत त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं, आणि मी जर्मनीत फिरत होतो.

ही म्हणाली, ‘‘एक उभी रेघ काढा पेनने, विषय संपला.’’ पण सॉफ्टवेअर रेघेला दाद देईना. मी एकेक एम खोडत बसलो. रात्री दीडला प्रिंट काढली.

कार्यक्रमाच्या दिवशी सोफ्याला झालर होती, समोर पाण्याची सीलबंद बाटली होती आणि त्यावर कोणी बसलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर ही. स्थायी उत्तम झाली. अंतऱ्याच्या दुसऱ्या आवर्तनात नवव्या मात्रेला तबल्याची खाली आली, पोराने निष्ठेने कागदात पाहिलं आणि तीन बोटं दाबली. माझ्या खोडण्यातून एक एम निसटला होता. गाणाऱ्या बायका तीव्र मध्यमावर, कीबोर्ड शुद्धवर, आणि दोघांच्या मध्ये यमन.

हिने मान वळवून आधी रिकाम्या सोफ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘आले बघा तुमचे डीएम.’’