वॉरंटीकाका

मुंबईतल्या चारकोपात लॅपटॉप घ्यायचं ठरलं की आधी पैशांची सोय बघतात आणि मग काकांची. हे काका प्रत्येक सेक्टरात एक तरी असतातच. बँकेतून नाहीतर महापालिकेतून निवृत्त झालेले, खिशाला दोन पेनं, काखेत प्लॅस्टिकची फाइल. रॅम, प्रोसेसर वगैरे किरकोळ बाबी ते मुलांवर सोपवतात. त्यांचा प्रांत त्यापुढचा: लॅपटॉप बिघडल्यावर काय?

आमच्या शेजारची मुलगी बीएस्सी आयटीला गेली, तेव्हा तिची आई काकांना घेऊनच दुकानात गेली. मुलगी स्क्रीन बघत होती. काकांनी लॅपटॉप उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि पोटावरचा सीरियल नंबर उतरवून घेतला. मग म्हणाले, "वॉरंटी?"

"वन इयर, अंकल. ऊपर से हमारा प्लॅन ले लो, टोटल थ्री इयर. एकदम टेन्शन फ्री."

"देणार कोण? कंपनी की तुम्ही?"

"अंकल, सब हम ही देखते हैं."

"देखते हैं नको. लिखते हैं क्या?"

इथे पोरगा गडबडला, आणि काकांचं चूक होतं असं मला तरी वाटत नाही. कंपनीची वॉरंटी वेगळी, काउंटरवर विकतात तो प्लॅन वेगळा; तो बऱ्याचदा तिसऱ्याच कुणाचा असतो. कंपनीचं वर्ष संपल्यावर तो सुरू होतो, म्हणजे पहिलं वर्षभर आपले पैसे फाइलमध्ये झोपा काढतात. पैसे मात्र आजच, वर 18 टक्के जीएसटी. चहा सांडला, हातातून पडला, तर साध्या वॉरंटीत ते बसत नाही. त्याला अपघाती नुकसानीचं कलम लागतं. ही सगळी बारीक अक्षरं काकांनी काउंटरपाशी उभं राहून मोठ्यानं वाचली. मागे रांग वाढली. "काका, राहू द्या ना," असं मुलीची आई तीनदा म्हणाली. काका 'अपवाद' या सदरापर्यंत पोचले होते. शेवटी प्लॅन घेतलाच नाही, पण बिलावर सीरियल नंबर छापून आल्याशिवाय काका दाराकडे वळले नाहीत.

काकांच्या मते खरी वॉरंटी लॅमिंग्टन रोडच्या जुन्या दिवसांबरोबर गेली. तिथून असेंबल्ड कॉम्प्युटर आणला की दुकानदार व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनानं 'एक वर्ष' लिहून सही ठोकायचा. कलमं नव्हती, पण भांडायला समोर माणूस होता.

हा पिंड घडला कसा? एक तर, 1975 साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात काका जुने; महिन्याचं वाणसामान वर्षानुवर्षं त्यांच्याच पडवीत वाटलं गेलं. दुसरं, चारकोपचे हे चिमुकले भूखंड म्हाडानं आखले ते जागतिक बँकेच्या मदतीनं. "जागतिक बँकेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या वस्तीतला माणूस न वाचता सही करेल?" असं काका विचारतात. जागतिक बँकेला हे ठाऊक नसावं.

त्यांच्या माळ्यावर घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचं खोकं आहे, मिक्सरपासून इस्त्रीपर्यंत. त्यातला टीव्ही भंगारात जाऊन बरीच वर्षं झाली, खोकं आहे. "या घरात माणसांना जागा नाही, थर्माकोलला आहे," असं काकू म्हणतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर काकांच्या मोबाइलवर एका बटणावर लागतो. काकूंचा शोधावा लागतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्क नाही, ही बातमी त्यांनी बारशातही सांगितलेली आहे.

त्यांचा सुवर्णक्षण मात्र घरीच आला. कंपनीच्या साइटवर मुलीच्या लॅपटॉपचा सीरियल नंबर टाकला, तर वॉरंटी खरेदीच्या आधीच सुरू झालेली! माल कंपनीतून निघाला त्या दिवसापासून मोजलेली. काकांचा चेहरा नातू झाल्यासारखा उजळला. बिलाची प्रत पाठवली, तारीख दुरुस्त झाली, आणि आठवडाभर मार्केटमध्ये भाजी घेतानाही विषय तोच.

वर्ष संपत आलं तसे काका फाइल घेऊन शेजारी हजर.

"काय बिघडलंय?"

"काही नाही काका, मस्त चाललाय."

काका खट्टू झाले. "नीट आठव. तापतो? पंखा घरघरतो?" मग स्वतःच बसले आणि एकेक बटण दाबत सुटले. उजवीकडच्या शिफ्टपाशी बोट थबकलं. "हे अडकतंय. चला, सर्व्हिस सेंटर उघडं असेल."

"अहो काका, ते बटण मी कधी वापरतच नाही."

"तू वापरत नसशील," काका बिल शोधत म्हणाले, "पण वॉरंटीत आहे ना?"