पडदा नसलेलं नाटक

मंडईच्या जत्रांचे दिवस लागले की लाखांदूरकडचा माणूस झोपेचा हिशेब ठेवत नाही. भाऊबीज उलटते, धान कापणीला येतं, आणि जवळच्या वडशातून नाटक मंडळ्यांच्या गाड्या गावोगाव निघतात. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा उभं राहतं ते पहाटेपर्यंत चालतं. आमच्या मामाजींनी अशा किती रात्री जमिनीवर, घोंगडीत गुडघे घालून काढल्या असतील, त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी बांधीच्या धुऱ्यावर डुलक्या घेताना ते खलनायकाचे संवाद पुटपुटत. या नादापायी कुणी मंडळीला कोर्टात खेचल्याचं मात्र ऐकिवात नाही.

अमेरिकेत खेचाखेची जोरात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या ३३ राज्यांनी मिळून मेटावर दावा ठोकला: पोरं खिळून राहावीत म्हणूनच इन्स्टाग्राम, फेसबुक तसं घडवलं. त्या गाऱ्हाण्यांत बोटाखाली कधीच न संपणारं पानही आहे. ही करामत २००६ साली एझा रास्किन यांनी काढली. पुढे त्यांनाच तिची हळहळ वाटली. मामाजींना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हंजे परदा पाडतच नाई म्हना! मंग नटाले चाय कवा भेटते?"

मला उत्तर सुचेना. समोरचा नट माणूसच आहे, याची तरी खात्री कुठे उरलीय? नोव्हेंबर २०२२ मध्ये माणसासारखं लिहिणारं चॅटजीपीटी आलं, आणि तेव्हापासून पऱ्हे टाकताना हुशार ठरलेलं यंत्र रोवणी आटोपेस्तोवर जुनाट होतं. याउलट, नागभीडकडच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली शेतात धानाच्या वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचं एचएमटी वाण व्हायला कित्येक हंगाम जावे लागले. एवढा धीर आता या यंत्रांच्या धंद्यात कुणाला परवडत नसावा. मामाजींचा नातू तर यंत्राकडून लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर लिहवून घेतो, आणि आजोबा त्यात मामांची नावं नीट आहेत ना, एवढंच तपासतात.

पोरांना मोबाइलपासून सोडवायला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावने कोर्टाची वाट पाहिली नाही. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. मामाजींनी मनातल्या मनात वेळ जुळवून पाहिली. "साडेआठले सुटी? मंग चालते, नाटक त्याच्या मांगूनच रायते." आणि लगेच नातवाला मोबाइल काढायला लावून विचारलं, आज रातीले कोन्या गावाले हाय.